'शंका शिकवणारा पाळक' : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण उत्तरआधुनिक ख्रिस्तीपणावरचा माझा लेख पूर्ण वाचून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तिचा गाभा असा : उत्तरआधुनिक ख्रिस्तीपण म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा उदारमतवादच, फक्त कपडे नवे, ज्याला सत्य ठामपणे सांगता येत नाही त्याने उपदेशाला उभं राहू नये, अमेरिकेत रॉब बेल या पाळकाचं काय झालं ते पाहून तरी शहाणं व्हावं, आणि शेवटी, 'पाळकसाहेब, तुम्ही शिकागोच्या जाहीरनाम्यावर सही कराल का?' (बायबलमध्ये चूक नाही असं मांडणारा हा जाहीरनामा.)

आधी बेल. 2011च्या फेब्रुवारीत, त्याचं नरकाविषयीचं पुस्तक बाजारात येण्याआधीच जॉन पायपर या पुराणमतवादी पाळकांनी ट्विटरवर त्याला तीन शब्दांत निरोप देऊन टाकला. मला ते पुस्तक फारसं पटलं नाही. प्रश्नांची सरबत्ती करायची आणि उत्तर द्यायची वेळ आली की विषय बदलायचा, ही त्याची खोड. पण हे मी वाचून म्हणतो आहे. पुस्तक हातात येण्याआधीच माणसाला मंडळीबाहेर काढण्याची घाई ही कुठल्या सिद्धांताची राखण, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तुमचा खरा आधार अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ ग्रेशॅम मेचन आहे, आणि तो भक्कम आहे. 1923 साली त्याने लिहिलं की उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्माचा सौम्य प्रकार नसून वेगळाच धर्म आहे, कारण सुवार्ता घडलेल्या घटनेवर उभी आहे, आपल्या धार्मिक अनुभवावर नाही. इथे मी मेचनच्या बाजूला आहे. पौल करिंथकरांना तेच सांगतो : ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट. कबर रिकामी नव्हती असं उद्या ठरलं, तर 'तुमच्यासाठी ती रिकामी, माझ्यासाठी नाही' अशी तडजोड मी करणार नाही, गाशा गुंडाळीन. अमेरिकेतल्या 'इमर्जिंग चर्च' या उत्तरआधुनिक वळणाच्या चळवळीतल्या काहींनी हा मुद्दा मेणबत्त्या, सोफे आणि न संपणाऱ्या संवादात विरघळू दिला, ही तुमची तक्रार रास्तच आहे.

आपली वाट फुटते ती पुढे. घटना घडली हे मानणं वेगळं, आणि 'मी ती कुठल्याही जागेवर उभं न राहता, देवासारखी वरून पाहतो' असं मानणं वेगळं. दुसरी गोष्ट प्रेषितांकडून आलेली नाही. ती सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तकडून आली : शंकेला जागाच उरणार नाही असा पाया आधी शोधायचा आणि मग त्यावर बांधायचं. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने 1979 साली महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्याचा अर्थ एकाच कथेत लावणाऱ्या कथनांवरचा, विश्वास उडाल्याचं लिहिलं तेव्हा त्याचा रोख मुख्यतः याच बढाईवर होता, स्वतःला सार्वत्रिक बुद्धीचं प्रमाणपत्र देणाऱ्या कथनांवर. त्याला विश्वासाशी देणंघेणं नव्हतं. तरी हा वार पुराणमतवादी मंडळींना लागला, कारण नकळत त्यांनीही देकार्तच्याच पायावर घर बांधलं होतं.

हे मला लेस्ली न्यूबिगिनकडून कळलं, आणि त्याला तुम्ही उदारमतवादी म्हणू शकणार नाही. 1936 साली हा माणूस मिशनरी म्हणून तमिळनाडूत आला. कांचीपुरमला तो रामकृष्ण मिशनच्या साधूंबरोबर बसून उपनिषदं आणि योहानाचं शुभवर्तमान वाचत असे. तिथल्या मोठ्या दालनात थोर धर्मपुरुषांच्या तसबिरी होत्या, त्यांत येशूचीही, आणि नाताळला तिची पूजा होई. न्यूबिगिनला ही उघड भेसळ वाटली : येशूला हिंदू चौकटीत बसवून टाकलंय. बरोबरच होतं ते. पण पुढे हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की आपणही त्याला आपल्या इंग्रजी चौकटीत असाच बसवला आहे. 1974 साली इंग्लंडला परतल्यावर तो बर्मिंगहॅममध्ये शिकवत होता, नंतर तिथल्याच विन्सन ग्रीन या गरीब वस्तीतल्या छोट्या मंडळीचा पाळक झाला आणि उरलेलं आयुष्य पाश्चात्त्यांना हेच सांगत राहिला. ख्रिस्त एकमेव आहे, हे त्याने कधी सोडलं नाही. सोडली ती फक्त निर्विवाद पुराव्याची मागणी.

तुम्ही डी. ए. कार्सन या पुराणमतवादी धर्मशास्त्रज्ञाचा हवाला दिलात. त्याच्या 2005च्या पुस्तकात 'इमर्जिंग चर्च'च्या ब्रायन मॅक्लॅरनची चांगलीच हजेरी घेतली आहे. पण मग कार्सनचं हेही घ्या : माणसाला काही गोष्टी खऱ्याखुऱ्या कळू शकतात, संपूर्ण मात्र कळत नाहीत. मी यापेक्षा जास्त काय म्हटलं होतं?

आणि योहान 14:6. 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे' हे वाक्य तुम्ही माझ्यावर फेकलंत. त्याच्या मागचं, पाचवं वचन वाचा. 'आपण कुठे जाता हेच आम्हाला ठाऊक नाही, मग मार्ग कसा कळणार?' असं थोमा हा शिष्य विचारतो, आणि त्या प्रश्नाला हे उत्तर मिळतं. थोमा गप्प बसला असता तर तुमचं आवडतं वचन आपल्या हाती आलं असतं का, कोण जाणे.

आपल्याकडचंही एक सांगतो, कारण 'हे सगळं परदेशी खूळ' असंही तुम्ही लिहिलंय. 1917 साली नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. ते उत्तरआधुनिक नव्हते, तो शब्दही तेव्हा आजच्या अर्थाने रूढ नव्हता. ख्रिस्तावरचा त्यांचा भर तसूभरही कमी झाला नाही, बदलली ती चौकट. त्यांची भजनं आपण दोघंही 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातून गातो.

आता सही. शिकागोचा जाहीरनामा 1978चा. त्याचं तेरावं कलम म्हणतं की शास्त्राला त्याच्या वापराशी आणि हेतूशी परक्या असलेल्या मोजपट्ट्या लावू नयेत. ठोकळ संख्या, अतिशयोक्ती, आधुनिक काटेकोरपणाचा अभाव यांनी त्याच्या सत्याला बाधा येत नाही. या कलमावर मी आनंदाने सही करीन. बाराव्यावर अडेन, कारण सृष्टी आणि जलप्रलयाच्या बाबतीत पृथ्वीच्या इतिहासाचं विज्ञान ते आधीच दाराबाहेर ठेवतं, आणि तेराव्यात दिलेली मुभा तिथे काढून घेतं. तुम्ही दोन्हींवर एकाच पेनाने सही कशी करता, ते पुढच्या प्रतिक्रियेत जरूर लिहा.