गोंधळसुद्धा स्वतःचा नाही

इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्या मुलाला रात्री झोप लागली नाही, तर सकाळी उठून 'झोप लागली नाही' एवढं सांगून तो मोकळा होतो. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्याचं तसं नसतं. झोप का लागली नाही, त्या प्रकाराला काय म्हणतात, तो कोणी कोणत्या साली शोधला आणि पुढे कोणी खोडून काढला, हे सगळं त्याला पाठ असतं. झोप तरीही लागत नाहीच. या शास्त्राबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. इथे माणसाला स्वतःचा म्हणून एक साधा गोंधळही ठेवता येत नाही. काहीही घोळ घाला, तुमच्या आधी कोणीतरी तो प्रयोगशाळेत घालून, मोजून, छापून ठेवलेला असतो.

मानसशास्त्रात पुढे शिकणार म्हटल्यावर लोकांचे दोन गट पडतात. पहिला गट म्हणतो, "मग सांग बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" दुसरा गट काही विचारत नाही, फक्त खुर्ची जवळ ओढतो. पहिला परवडला. माझी मावशी दुसऱ्या गटाची आजीव सभासद आहे. मी अजून अर्जही भरला नव्हता, तेव्हापासून ती मला तिच्या जाऊबाईंची केस सविस्तर सांगते आहे आणि निदानही तीच करते आहे.

बाबांचा मात्र तिसरा गट, सभासद एक. त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं की २०१५ साली मानसशास्त्रातलेच १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के ठिकाणी पहिल्यासारखा ठोस निकाल हाती आला. दुर्दैवाने त्यांनी बरोबर वाचलं होतं. "अहो बाबा, पण ही तपासणी त्याच शास्त्रातल्या लोकांनी स्वतःहून केली, हा केवढा प्रामाणिकपणा!" मी म्हटलं. बाबा म्हणाले, "प्रामाणिक आहेत ते दिसतंच आहे गं. पण नोकरीचं काय?"

नोकरीचं उत्तर शाखेवर अवलंबून, आणि शाखेशी आलं की माझी गाडी अडते. क्लिनिकल घ्यावं तर आयुष्यभर लोकांची दुःखं ऐकायची. काउन्सेलिंग घ्यावं तर तीच दुःखं, पण 'हे क्लिनिकलपेक्षा वेगळं कसं?' हे प्रत्येक पाहुण्याला समजावायचं. सोशलमध्ये माणसं एकमेकांशी अशी का वागतात याचा अभ्यास असतो, म्हणजे मावशीचाच विषय, फक्त आलेखांसकट. कॉग्निटिव्हमध्ये पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचं. इंडस्ट्रियलमध्ये कर्मचारी खूश कसे राहतील ते शोधायचं आणि पगार वाढवा हे उत्तर सोडून बाकी सगळी उत्तरं कंपनीला द्यायची. न्यूरो घ्यावं तर बाबा खूश, कारण त्यात मेंदूचे रंगीत फोटो असतात आणि रंगीत फोटो असलं की ते खरं शास्त्र.

पर्याय फार झाले की माणूस काहीच निवडत नाही, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली तो छापला. दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी खरेदी केली, ६ प्रकार मांडले तेव्हा ३० टक्के लोकांनी. हे वाचून मला फार धीर आला. दोष माझा नाही, जॅमचा आहे! हा आनंद टिकला तो २०१० सालचा एक आढावा वाचेपर्यंत. अशा ५० प्रयोगांची एकत्र मोजदाद केली, तर पर्यायांच्या गर्दीचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला होता. म्हणजे पर्याय जास्त म्हणून मी गोंधळले, असंही म्हणायची सोय नाही. गोंधळ तर गेलाच, वर सबबही जप्त.

शाखा कशीबशी ठरली, क्लिनिकल. तर तिथे, निदान अमेरिकेत, पुढचा फाटा तयार: पीएच.डी. की साय.डी.? याला इतिहास आहे. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी जाणकारांची परिषद भरली आणि ठरलं की क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ संशोधकही हवा आणि उपचार करणाराही हवा. १९७३ साली त्याच कोलोरॅडोतल्या व्हेल गावी पुन्हा परिषद भरली आणि ठरलं की मुख्यतः उपचारच करायचे असतील त्यांना साय.डी. हा वेगळा मार्ग असायला हरकत नाही. मोठमोठ्या प्राध्यापकांना डोंगरातल्या स्वच्छ हवेत बसूनसुद्धा या प्रश्नाला चोवीस वर्षं लागली. माझ्याकडे अर्जाचं पोर्टल बंद व्हायला एक आठवडा होता. व्यवहार तेवढा साधा आहे: पीएच.डी.ला बहुधा विद्यापीठ पैसे देतं आणि मागे संशोधन लावतं, साय.डी.ला बहुधा आपण पैसे देतो. 'पीएच.डी.' मी आतल्या आवाजाला स्मरून लिहिलं, असं सांगायला मला आवडलं असतं.

मग आलं स्टेटमेंट ऑफ पर्पज. तुम्हाला मानसशास्त्र का शिकायचं आहे, हे दोन पानांत लिहा. आता खरं सांगायचं तर या शास्त्राकडे येण्याची कारणं दोनच असतात. एक, लोकांना मदत करायची असते. दोन, स्वतःचंच काहीतरी बिनसलेलं असतं. बहुतेकांची दोन्ही असतात. आणि नेमकी हीच दोन लिहायची नसतात! अर्ज कशाने बुडतात, असं ड्र्यू आणि कॅरेन ॲपलबी यांनी अमेरिकेतल्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांनाच विचारलं. तो लेख २००६ साली आला. स्वतःच्या मानसिक त्रासाची कहाणी सांगणं हे अर्ज बुडवायचं एक खात्रीचं साधन निघालं, आणि परोपकाराचा उमाळा हे दुसरं. शिवाय समितीला हसवायला जाणंही वाईट. म्हणजे मला या विषयात काडीचंही वैयक्तिक स्वारस्य नाही, कोणाचं भलं करायची इच्छा नाही, विनोदबुद्धी तर मुळीच नाही, पण पुढची सहा वर्षं मात्र मी याच विषयाला देणार आहे, असं पटवून द्यायचं. दुःखी माणसांशी बोलायला शिकवणाऱ्या खात्याने दारातच बजावावं, की आत या, पण तुमचं दुःख बाहेर काढून या!

मी दुःख बाहेर काढलं. मग परोपकार काढला. उरलं ते असं: 'मला मानवी वर्तनाबद्दल पूर्वीपासून कुतूहल आहे. मी मेहनती आहे, पण समतोल राखते. मला स्वतंत्रपणे काम करायला आवडतं, तसंच इतरांसोबतही.' हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती डोळे पुसत म्हणाली, "अगदी आपल्या सुहाससारखं लिहिलंयस गं." सुहास हा माझा मामेभाऊ. तो क्रेन दुरुस्त करतो.

या प्रकाराचं नावही तुम्हाला सांगायला हवं, त्याशिवाय मला राहवणार नाही. फोरर इफेक्ट. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला सरासरी पाचपैकी सव्वाचार गुण दिले. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तोही भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. हे छापून आलं १९४९ साली, म्हणजे बोल्डरची परिषद भरली त्याच वर्षी. मानसशास्त्रज्ञ शास्त्रज्ञच हवा, असा त्यांचा आग्रह का होता ते आता लक्षात येतं.

शिफारसपत्रांचं थोडक्यात सांगते. एक सर म्हणाले, "तूच मसुदा लिहून आण, मी सही करतो." स्वतःची स्तुती तृतीयपुरुषी करणं हा विलक्षण अनुभव आहे. लिहिता लिहिता आपण या मुलीला ओळखतच नाही, असं वाटायला लागतं. (पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स, १९७८: यशस्वी बायकांना आपण तोतया आहोत असं वाटत राहतं. पण तसं वाटण्यासाठी आधी यशस्वी असावं लागतं, या बारकाव्यापाशी मी बराच वेळ अडखळले.) मसुदा देताना मी भीत भीत विचारलं, "सर, जरा जास्त झालं का?" सरांनी चष्मा वर केला. "छे गं, कमीच आहे. 'विनम्र' राहिलंय बघ." आणि स्वतःच्या हाताने घातलं.

अर्ज वेळेत पूर्ण करणं हाही एक अध्याय होता, पण तोही कोणीतरी आधीच लिहून ठेवलाय. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. आणि सगळं काही वाईटात वाईट झालं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५च्या वर. विद्यार्थी कुठल्या विषयाचे होते, ते मी सांगायला नको.

अर्ज गेल्यावर पोर्टल उघडून बघण्याचं पर्व सुरू झालं. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की कबूतर चोच मारायचं थांबत नाही, हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय. निदान त्याच्या कबुतरांना मधूनमधून दाणे मिळायचे. मला 'तुमचा अर्ज विचाराधीन आहे' एवढंच मिळायचं.

त्याच काळात रॉबिन डॉस या मानसशास्त्रज्ञांचं काम वाचनात आलं आणि मी उगाचच वाचलं. ऑरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाची प्रवेश समिती विद्यार्थी कशी निवडते, हे त्यांनी १९७१ साली तपासलं होतं. निष्कर्ष असा की उमेदवाराचे गुण, प्रवेश परीक्षेतला आकडा आणि आधीच्या कॉलेजचा दर्जा यांचं साधं गणित मांडलं, तर तो पुढे कसा चमकेल याचा अंदाज समितीपेक्षा बरा येतो. माणसं ओळखणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यापेक्षा बेरीज बरी! एखादं दुसरं शास्त्र असतं तर त्यांनी समिती बरखास्त केली असती. पण हे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी तो लेख अभ्यासक्रमाला लावला आणि मुलाखती चालू ठेवल्या.

यात माझा स्वार्थ कुठे आहे, ते मी तपासलं. बेरजेत मी बसत नव्हते, कारण माझा परीक्षेतला आकडा कोणाला सांगण्यासारखा नव्हता. समितीची चूक होण्यात मात्र आशा होती. त्या दिवसापासून मी माणसाच्या अंतःप्रेरणेची कट्टर समर्थक आहे. मुलाखतीत मला विचारलं, "निवडीची पद्धत अधिक शास्त्रशुद्ध करण्यासाठी काय करता येईल?" मी म्हटलं, "मुलाखतींना अधिक वेळ द्यावा." तिन्ही परीक्षकांनी समाधानाने माना डोलावल्या.

दोन ठिकाणांहून होकार आला. मी फायद्या-तोट्यांचा तक्ता केला, त्याला गुण दिले, बेरीज केली, आणि जिंकायला हवं होतं ते विद्यापीठ हरतंय असं दिसल्यावर गुण बदलले. मग एकाला 'हो' कळवून टाकलं. पाचव्या मिनिटाला दुसरं विद्यापीठ मला पहिल्यापासूनच आवडत नव्हतं, असं लक्षात आलं. त्यांच्या प्राध्यापकांच्या फोटोतही एक प्रकारची आढ्यता होती. (जॅक ब्रेम, १९५६. त्याने घरगुती उपकरणं वापरली होती. निवडलेलं उपकरण लगेच जास्त आवडायला लागतं, नाकारलेलं कमी. विद्यापीठांची तुलना इथे विजेच्या उपकरणांशी होते आहे, याची मला कल्पना आहे.)

नव्या विभागाचं पहिलं पत्र आलं. स्वागत, सक्तीच्या स्टॅटिस्टिक्सचं वेळापत्रक, आणि खाली एक विनंती: प्रवेशाचा निर्णय विद्यार्थी कसा घेतात यावर आमच्याकडे संशोधन चालू आहे, कृपया सोबतची प्रश्नावली भरावी. 'हा निर्णय आपण किती तर्कशुद्धपणे घेतला? १ म्हणजे अजिबात नाही, ७ म्हणजे पूर्णपणे.'

मी सहा टाकले. सातवर खूण केली की ते लोक संशय घेतात.