मालकाकडून उत्तर : दीड सुताचं बेअरिंग

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. एक तारा, आणि तक्रारी चार. सासऱ्यांनी अमेरिकेहून आणलेल्या राउटर बिटला (लाकडाची कड कापणाऱ्या मशीनच्या पात्याला) आम्ही आधी चुकीचं बेअरिंग दिलं. बरोबरचं द्यायला तीन आठवडे लावले. बेअरिंगच्या दुकानात ४० रुपयांना मिळणाऱ्या वस्तूचे २६० घेतले. आणि दुसरं बिट 'होणार नाही' म्हणून हातात परत दिलं, म्हणजे 'जुनं मोडीत काढून नवं गळ्यात मारायचा धंदा'.

पहिली तक्रार पूर्ण खरी आहे. तुमच्या ट्रिमिंगच्या बिटच्या टोकाला बेअरिंग बसतं, ते कडेला टेकून फिरतं आणि कटर किती आत जायचा ते ठरवतं. ते बसतं तो खुंट दीड सुताचा (एका इंचाची आठ सुतं), म्हणजे ४.७६ मिमी. बेअरिंग बाहेरून चार सूत, १२.७ मिमी. काउंटरवरच्या मुलाने दिलं ६९५ नंबरचं : आतून ५, बाहेरून १३. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही जुळी भावंडं वाटतात. पण आत जवळजवळ पाव मिमी खेळ राहिला, त्यामुळे बेअरिंग कडेवर नाचत गेलं. बाहेरून ०.३ जास्त, म्हणून कटर आत पोचायला ०.१५ कमी पडला. 'कड नखाला लागते आणि लाटा येतात' असं तुम्ही लिहिलंय, त्याची कारणं हीच. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काउंटरवरच पडलेला होता, लावला नाही. मुलाला बोललो, पण इंची बिट आणि मिमीचं बेअरिंग यातला फरक मी त्याला कधी शिकवलाच नव्हता, तेव्हा बोलणं मीही खायला हवं.

तीन आठवड्यांचंही तसंच. बेअरिंग आर ३ नंबरचं लागतं, ते आम्ही ठेवत नाही, मुंबईहून नागदेवी स्ट्रीटवरून मागवलं. ते आलं बाराव्या दिवशी. पुढचे नऊ दिवस आमच्याच खणात पडून होतं, कारण तुमचा नंबर ज्या चिठ्ठीवर लिहिला ती चिठ्ठी दुसऱ्याच बिलाला टाचली गेली. याला सबब नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र थोडं ऐका. ४० ला मिळतं ते ६९५. जे तुम्ही एकदा लावून पाहिलंत तेच. आर ३ आम्हाला १२० ला पडलं, एका नगासाठी कुरिअर ९० आणि ५० आमचे. हा हिशेब आधी सांगायला हवा होता, आणि 'एवीतेवी मागवतोय तर तीन घ्या, कुरिअर तेवढंच' हेही सुचवायला हवं होतं. सुचलं नाही.

आता दुसरं बिट. इथे मी माघार घेणार नाही.

त्याच्या खुंटात बेअरिंग धरणाऱ्या स्क्रूचं भोक आहे. तो स्क्रू मिमीचा नाही. अमेरिकन ४-४० आहे, म्हणजे जाडी २.८४ मिमी आणि एका इंचात ४० आटे. आपल्याकडे सर्रास मिळणारा एम ३, म्हणजे ३ मिमीचा स्क्रू, त्याला 'जवळजवळ' बसतो, आणि तिथेच घात होतो. दीड-दोन आटे जातो, मग अडतो, मग माणूस चावी आवळतो. कुणीतरी (तुम्ही असं म्हणत नाही, सासरेबुवाही असतील) तो दाबून बसवलाय. आटे गेलेत. तुम्ही म्हणालात, भोक मोठं करून एम ४ चा टॅप मारा, म्हणजे ४ मिमीचे नवे आटे पाडा. आता खुंट ४.७६ चा, त्यात ४ मिमीचा स्क्रू. चहूबाजूंनी भिंत उरते ०.३८ मिमी. ट्रिमर, म्हणजे हे बिट फिरवणारं हातातलं मशीन, मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. ती भिंत फुटली तर स्क्रू आणि बेअरिंग कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही, आणि ट्रिमर हातात धरून तोंड त्याच्यावर वाकवायची आपली सगळ्यांची सवय. लेथवाला पन्नास रुपयांत टॅप मारून देईल. कृपया मारून घेऊ नका.

नवं गळ्यात मारायचं असतं तर पहिल्या बिटसाठी १२० च्या बेअरिंगच्या मागे तीन आठवडे कशाला घातले असते? त्याची कार्बाईडची धार अजून उत्तम आहे, म्हणून खटाटोप केला. एक पदरचं सांगतो : जुन्या मॉनिटरच्या केबलच्या दोन्ही बाजूंना हाताने फिरवायचे स्क्रू असतात ना, त्यांचे आटे ४-४० चेच. भंगारातून एक आणून ठेवलाय, अमेरिकन बिट आलं की त्याच्यावर भोक तपासतो. तपासायलाच फक्त; बेअरिंग धरायला तो चालणार नाही. तुमच्या डब्यातली उरलेली बिटं घरीच अशी पाहून घ्या. बोटांनी गुळगुळीत आत गेला तर ठीक, अडला तर जोर करू नका.

आणि बेअरिंग थिनरच्या वाटीत बुडवू नका. जुनं बेअरिंग कोरडं खडखडीत होतं त्यावरून शंका आली. चिकटवायचं सोल्युशन निघतं खरं, पण आतलं ग्रीसही धुतलं जातं. बेअरिंग काढून बिट धुवा, बेअरिंग नुसतं फडक्याने पुसा.

चुकीच्या बेअरिंगचे पैसे तुम्हाला परत मिळाले नसतील तर ते, आणि कुरिअरचे ९०, दोन्ही काउंटरवर काढून ठेवलेत. सोमवार सोडून कधीही या. येताना डब्यातली सगळी बिटं आणा, मी स्वतः व्हर्नियर लावून मापं लिहून देतो, मग बेअरिंग आमच्याकडून घ्या की आणखी कुठून. दुसऱ्या बिटचा जुना स्क्रू आणि त्याखालचा बारीक वॉशर असेल तर तोही आणा. टाकून दिला नसेल अशी आशा करतो.