ताओ ऊर्जाविद्या आणि ‘अस्सल गुरू’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

योग, ध्यान, रेकी असल्या विषयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिनी ताओ पंथाची ऊर्जाविद्या, म्हणजे चीगाँग (श्वास, हालचाल आणि ध्यान यांचा व्यायाम) आणि त्याच्या पुढची ‘आतलं अमृत’ घडवणारी साधना, पाच हजार वर्षं जुनी आहे. ती मुळात आपल्या बोधिधर्माने चीनला नेली. ती गुप्त आहे आणि फक्त अखंड गुरुपरंपरेतूनच मिळते. अस्सल गुरू हात न लावता ऊर्जा सोडून दाखवतो. विज्ञानानेही हे मान्य केलंय. दोन दिवसांच्या शिबिरात ऊर्जेचं चक्र उघडतं. आणि नंतर झोप उडाली, भास झाले, तर घाबरू नये; ती शुद्धी असते.

मला या साधनांचं वावडं नाही. सकाळी अंगणात बादुआनजिन या चीगाँग व्यायामाचे आठ प्रकार करतो, बरं वाटतं. म्हणूनच हा मजकूर खटकतो. गुरू शोधायला निघालेल्या माणसाला तो नेमका चुकीच्या दारात नेऊन उभा करतो.

‘विद्या पाच हजार वर्षं जुनी आहे’

हातात काय आहे ते पाहू. हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगत्वेइ इथे 1973 मध्ये एक थडगं उकरलं गेलं. ते बंद झालं होतं इसवी सनपूर्व 168 मध्ये. आत रेशमावरचं एक चित्र मिळालं. त्यात 44 माणसं, बाया आणि पुरुष, वाकताहेत, हात ताणताहेत, प्राणी-पक्ष्यांच्या नकला करताहेत. काहींच्या शेजारी हा प्रकार कोणत्या दुखण्यावर, तेही लिहिलंय; एक गुडघेदुखीवरचा आहे. या व्यायामाला ताओयिन म्हणत. मन स्थिर करून आतली ‘ची’, म्हणजे प्राणऊर्जा, जोपासण्याविषयीचं ‘नेइये’ हे छोटं प्रकरण आणखी मागे, इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या आसपास जातं. म्हणजे सव्वादोन-अडीच हजार वर्षं. एवढं जुनं असताना आकडा दुप्पट करायची गरज का पडावी, हे मला कळत नाही.

गंमत म्हणजे ताओवाद्यांचा मोठा आधार असलेल्या च्वांगत्सूच्या नावावरच्या ग्रंथात अशा व्यायामांवर टोमणाच आहे. अस्वलासारखं लोंबकळायचं, पक्ष्यासारखं ताणायचं, जुना श्वास सोडून नवा घ्यायचा, हे दीर्घायुष्याच्या मागे लागलेल्यांचे उद्योग. खरा माणूस याशिवायही जगतो, असं तिथे म्हटलंय. म्हणजे ‘ताओ’ आणि ‘ऊर्जासाधना’ यांचं नातं तेव्हाही वादाचंच होतं.

आज शिबिरांत शिकवतात त्या साच्याचं वय तर फारच कमी आहे. हेबेइ प्रांतात ल्यू ग्वेइचन नावाचा कम्युनिस्ट पक्षाचा एक कार्यकर्ता पोटातल्या व्रणाने बेजार होता. 1940च्या दशकात नात्यातल्या एका वडीलधाऱ्याकडून तो एक श्वाससाधना शिकला आणि बरा झाला. पक्षाने त्यात लक्ष घातलं, देवधर्माचा भाग काढून टाकला आणि उरलेल्या पद्धतीला उपचार म्हणून ‘चीगाँग’ या नावाखाली आणलं. 1950च्या दशकात बेइदायहेच्या समुद्रकाठी त्याचं आरोग्यधाम चालत होतं. तेव्हा समोरचा शिक्षक ‘पाच हजार वर्षांची जशीच्या तशी विद्या’ म्हणून सांगतो त्यातलं बरंचसं आपल्या आजोबांच्या तरुणपणी सरकारी आरोग्य खात्यात बेतलेलं असू शकतं. त्याने विद्या खोटी होत नाही. पण वयाबद्दल थाप मारणारा बाकी कशाबद्दल खरं बोलेल?

‘बोधिधर्माने नेली, मूळ आपलंच’

हे वाचून छाती फुगते, मान्य. पण बोधिधर्म चीनमध्ये गेला तो पाचव्या-सहाव्या शतकात. मग पाच हजार वर्षांचं काय? एकाच मजकुरातले दोन दावे एकमेकांना लाथा मारताहेत.

बोधिधर्माविषयीच्या जुन्या नोंदींतल्या दोन पाहा. 547 च्या सुमाराला लिहिलेल्या लोयांगच्या विहारांच्या वर्णनात तो इराणकडचा म्हातारा भिक्षू आहे. 645 च्या भिक्षुचरित्रांत तो दक्षिण भारतातला ब्राह्मण होतो. व्यायामाचा, स्नायू पालटण्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. चरित्रात आहे ते भिंतीसमोरचं ध्यान. त्याच्या नावावर खपवतात तो ‘यीजिनजिंग’ (स्नायू पालटण्याचं सूत्र) हा ग्रंथ 1624 मधला, आणि तो रचणारा तियानताई डोंगरावरचा एक ताओपंथी. त्याला जोडलेल्या प्रस्तावनेवर थांग काळातल्या ली चिंग या सेनापतीचं नाव आणि 628 हे साल आहे. पण त्या प्रस्तावनेतल्या गुरुपरंपरेत एक दाढीवाला वीर येतो, तो एका जुन्या कथेतला काल्पनिक पुरुष! छिंग काळातल्या चिनी पंडितांनीच ही बनवाबनवी दाखवून दिली होती. एका ताओपंथी लेखकाला आपल्या ग्रंथाचं वजन वाढवायला परदेशी बौद्ध संत लागला, आणि चारशे वर्षांनी आपण त्याच प्रस्तावनेवर अभिमान बाळगतोय.

‘हे म्हणजे आपली कुंडलिनीच’ असंही याच दमात म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी वर चढते आणि तिथेच लय पावते. त्या प्रवासाची दिशा एकच. ताओपंथी ‘छोटं चक्र’ म्हणजे गोल फेरा: माकडहाडापासून पाठीने वर, डोक्यावरून पुढे, टाळूला लावलेल्या जिभेवरून खाली, बेंबीखालच्या दानथ्येन या ऊर्जाकेंद्रापाशी परत. साम्य आहे. साम्यावरून उसनवारी ठरत नाही.

‘गुप्त आहे, अखंड परंपरेतूनच मिळते’

या मुद्द्याशी जरा थांबायला हवं, कारण गुरू शोधणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात. परंपरा हा शब्द ऐकला की आपला मराठी माणूस हात जोडतोच.

ताओ धर्मात परंपरा खरोखर आहेत आणि त्या बऱ्यापैकी तपासता येतात. मोठ्या दोन. चंगयी पंथाचे पुरोहित लग्न करतात, घरी राहतात, विधी करतात. त्यांचं पीठ ज्यांगशीतला लोंगहू डोंगर. छ्वानचन पंथाचे संन्यासी मठात राहतात. तो बाराव्या शतकात वांग छोंगयांगने सुरू केला. आतल्या अमृताची साधना मुख्यतः या दुसऱ्या पंथाशी जोडली जाते. त्याच्या लोंगमन शाखेत एक ठरलेली कविता आहे. प्रत्येक पिढीच्या शिष्याला त्या कवितेतलं पुढचं अक्षर नावात मिळतं. म्हणजे ‘मी लोंगमनचा अमुक पिढीचा’ असं कुणी म्हणाला तर त्याचं दीक्षानाव, दीक्षा देणारा आणि मठ विचारता येतो. विचारल्यावर राग आला तर उत्तर मिळालंच समजा.

पण ‘अखंड’? लोंगमन शाखा आपलं मूळ वांग छोंगयांगचा शिष्य छिउ छूजी याच्यापर्यंत नेते. तो वारला 1227 मध्ये. शाखेचं आजचं रूप मात्र सतराव्या शतकात घडलं. वांग छांगयुएने बीजिंगच्या बाययुन ग्वान मठात 1656 पासून जाहीर दीक्षा द्यायला सुरुवात केली, आणि मधल्या पिढ्यांची साखळी पुष्कळशी नंतर जोडली गेली, असं अभ्यासक मानतात. पुढे विसाव्या शतकात सांस्कृतिक क्रांतीत मठ बंद पडले, संन्याशांना घरी पाठवलं गेलं, आणि छ्वानचन दीक्षा पुन्हा सुरू व्हायला 1989 उजाडलं. ज्यांनी हे सोसलं ते ‘आमच्याकडे खंड पडला होता’ असं सरळ सांगतात. अखंडतेची ग्वाही बहुधा ज्यांना काही सोसावं लागलं नाही असे देतात.

गुप्ततेचंही तेच. 1933 मध्ये शांघायमध्ये छन यिंगनिंगने एक पाक्षिक काढलं. त्यात आतल्या अमृतावरचे जुने ग्रंथ अर्थासह छापले, वाचकांच्या पत्रांना साधनेविषयी उत्तरं दिली, स्त्रियांच्या वेगळ्या साधनेवरही लिहिलं. त्याआधी 1914 मध्ये च्यांग वेइछ्याओने क्षयातून उठल्यावर बैठकीच्या ध्यानाची पद्धत साध्या भाषेत पुस्तकात मांडली होती. मिंग काळातला अख्खा ताओ ग्रंथसंग्रह 1920च्या दशकात शांघायला पुन्हा छापला गेला. तोंडी सांगायच्या खुणा असतात हे खरं. बसण्यातली चूक पुस्तक पकडत नाही, माणूस पकडतो. पण शिक्षक लागतो तो एवढ्यासाठी. गुप्ततेच्या नावाने पायऱ्यापायऱ्यांनी वाढणाऱ्या फीशी याचा काही संबंध नाही.

पदावरही जाऊ नका. ली यी हा छोंगछिंगजवळच्या मठाचा प्रमुख. पाण्याखाली दोन तासांवर श्वास रोखल्याची त्याची ख्याती, शिष्यांत श्रीमंत आणि नामवंत. 2010 मध्ये तो चिनी ताओ संघाचा उपाध्यक्ष झाला आणि त्याच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी त्याच्या दाव्यांची चिरफाड केल्यावर पद सोडून बसला. संघ अधिकृत, मठ खरा. दावा पोकळ.

ताओपंथीयांच्या प्रसिद्ध वुदांग डोंगरावर जायचं स्वप्न पाहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की डोंगर जागतिक वारसा आहे, पण आसपासच्या बऱ्याच अकादम्या खासगी धंदा म्हणून चालतात. काही चांगल्याही असतात. नुसत्या पत्त्याने काही सिद्ध होत नाही.

‘अस्सल गुरू हात न लावता ऊर्जा सोडतो’

2017 मध्ये छंगदूमध्ये शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या प्रशिक्षकासमोर ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचे एक गुरू उतरले. त्यांच्या अंतर्गत शक्तीचे प्रयोग आधी टीव्हीवर दाखवले गेले होते. लढत अर्ध्या मिनिटाच्या आत संपली आणि गुरू जमिनीवर होते. अशा गुरूंचे शिष्य मात्र नुसत्या हातवाऱ्याने पडतात. पडणाऱ्या शिष्यांनी गुरूची शक्ती सिद्ध होत नाही, शिष्यांची भक्ती सिद्ध होते.

ताओ परंपरेचा स्वतःचा मापदंड हवा असेल तर छिउ छूजीकडेच जाऊ. चंगीझखानाने त्याला अमर होण्याचं औषध मिळेल या आशेने बोलावलं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शानदोंगहून निघून वाळवंटं, डोंगर तुडवत 1222 मध्ये हिंदुकुशाजवळच्या छावणीत पोचला. अर्ध्या जगाच्या मालकाने विचारलं, दीर्घायुष्याचं कोणतं औषध आणलंस? छिउ म्हणाला, जीव जपायचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. शिष्याने लिहिलेल्या प्रवासवृत्तांतात हे नोंदलंय, आणि खान या स्पष्टपणावर खूश झाला असंही. लोंगमनचा मूळपुरुष म्हणवला जातो तो हा. त्याच्या नावाने शिबिर घेणाऱ्याला विचारून पाहा: तुमच्याने काय होत नाही?

‘विज्ञानाने मान्य केलंय’

थोडं केलंय. ताई चीने म्हाताऱ्यांचं पडणं कमी होतं, याला चांगला आधार आहे. पार्किन्सनच्या रुग्णांचा तोल सुधारतो, असं 2012 च्या एका नावाजलेल्या चाचणीत दिसलं. बाकी ‘ऊर्जा मोजली’ वगैरे जे फिरतं, त्यातलं बरंचसं चीनमधल्या 1980च्या चीगाँग लाटेतलं. कागद कानाला लावून मजकूर वाचतात असं म्हटल्या जाणाऱ्या मुलांच्या बातम्यांनी ती लाट फुगली होती, आणि अग्निबाण घडवणारे छियान श्वेसन यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञही तिच्यामागे उभे राहिले होते. मोठं नाव म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या दशकाने चीनला महागात शिकवलं.

‘दोन दिवसांत चक्र उघडतं’

अमृतसाधनेच्या प्रचलित हिशेबात पाया घालायला 100 दिवस, आतल्या सूक्ष्म देहाचा गर्भ धरायला 10 महिने, त्याला दूध पाजायला 3 वर्षं आणि भिंतीकडे तोंड करून 9 वर्षं. आकडे प्रतीकात्मक धरले तरी त्यात शनिवार-रविवार कुठे बसतात?

‘त्रास झाला तर ती शुद्धी’

मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. चिनी साधकांना हा धोका माहीत आहे आणि त्याला त्यांच्याकडे जुनं नावही आहे, ‘त्सौ ह्वो रू मो’: आग भरकटली, भूत शिरलं. चीगाँगच्या लाटेत अशी माणसं दवाखान्यांत येऊ लागली, तेव्हा चिनी मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1994 च्या निदानपुस्तिकेतही चीगाँगनंतरच्या मानसिक विकाराचा उल्लेख आहे. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांनी, तासन्‌तास श्वास कोंडणाऱ्यांनी आणि डोक्याकडे लक्ष केंद्रित करणाऱ्यांनी इथे जास्त जपायला हवं.

म्हणून पहिल्याच भेटीत शिक्षक काय विचारतो ते पाहा. झोप कशी आहे, औषधं कोणती चालू आहेत, घरात कुणाला मानसिक आजार आहे का, हे विचारणारा निदान विचार करतो. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. सुरुवातीला तर गुरूही शोधायला नको: चीनच्या आरोग्य-चीगाँग संघटनेने बादुआनजिन, पाच प्राण्यांचे खेळ, सहा ध्वनी आणि यीजिनजिंग या चार मालिका 2003 मध्ये खुल्या केल्या. त्या पाहून सोपा प्रकार काही महिने करा, मग कुणाकडे जायचं ते ठरवा. सवय झालेल्या शरीराला समोरचा काय शिकवतोय आणि काय नुसतं बोलतोय, हे बरंच कळायला लागतं. आणि साधना चालू असताना आठवडाभर झोप आली नाही, कानात आवाज येऊ लागले, तर साधना थांबवून डॉक्टरकडे जा. शिबिरवाल्याला फोन नंतर केला तरी चालेल.