वहाळाकाठची झाडं कोणाची?

वाद पेटला तो चढणीच्या माशांवरून. मोठा पाऊस लागून आठवडा झाला तरी यंदा वहाळात, म्हणजे आमच्या ओढ्यात, मासा चढला नाही, असं आबांनी पारावर जाहीर केलं. आबांची हयात वहाळात गेली. मृगाच्या पाण्याबरोबर मासे अंडी घालायला वर, उथळ पाण्याकडे कसे चढतात हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच दाखवलेलं.

"पाऊसच वेडावाकडा झालाय, त्याला कोण काय करणार?" भाऊ म्हणाला.

"पावसाचं राहू दे. पाणी बघितलंस? नुसतं तांबडं. डोंगर सोलल्यावर दुसरं काय येणार?"

हे भाऊला लागणारच होतं. वरच्या अंगाचं रान त्याने गेल्या उन्हाळ्यात उक्तं, म्हणजे झाडं न मोजता सरसकट, तोडीला दिलं होतं. तो म्हणाला, "झाडं पाणी पितात. तोडली की वहाळाला पाणी वाढतं. मास्तर, खोटं आहे का?"

मास्तर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. ते म्हणाले, "खोटं नाही. तोडीनंतर वर्षभराचं एकूण पाणी बऱ्याच ठिकाणी वाढलेलं दिसतं. पण ते येतं कधी? आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. पाचोळा गेला, माती तुडवली गेली, की पाणी जिरत नाही, भडाभडा खाली येतं. सोबत माती. ती दगडांमधल्या फटी बुजवते. माशांची अंडी, मुठ्यांची, म्हणजे वहाळातल्या खेकड्यांची, पिल्लं, वाम, सगळ्यांचा संसार त्या फटींतच. अंड्यांवर गाळ बसला की ती गुदमरतात."

वाशिष्ठी नदीचा विषय निघालाच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर नदीतला गाळ उपसायचं काम निघालं. पुराची कारणं अनेक होती, पण गाळ काही आभाळातून पडत नाही, हे आबांचं म्हणणं मला पटलं. तो आपल्यासारख्यांच्या डोंगरातूनच उतरतो.

"मी काजू लावलीय ना तिथे! दोन वर्षांत बघा, हिरवंगार होईल," भाऊ म्हणाला.

यावर मास्तरांनी पिशवीतून डबा काढला. आत देवराईखालच्या वहाळातलं एक पान होतं. नुसत्या शिरा उरलेल्या, मधला गर कोणीतरी कोरून खाल्लेला. शेजारी एक चपटा दगड. तो उलटा केला तर खाली बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी चिकटलेली, वाळूचा एकेक कण जोडून बांधलेली. तिच्या तोंडातून एक अळी डोकं बाहेर काढून लगेच आत गेली. पारावर क्षणभर कोणी बोललं नाही.

मास्तर सांगत होते की दाट सावलीतल्या वहाळात ऊन पोचत नाही, म्हणून शेवाळ कमी. तिथलं मुख्य अन्न म्हणजे काठावरून पडणारी पानं. पान पाण्यात पडलं की त्यावर बुरशी चढते, ते मऊ होतं, मग अळ्या, झिंगे, मुठे ते कुरतडतात. त्यांनी सांडलेला चुरा खाली वाहत जातो, त्यावर आणखी जीव जगतात आणि या सगळ्यांवर मासे. "करंज, उंबर, जांभूळ, प्रत्येकाचं पान वेगळ्या वेळी गळतं, वेगळ्या गतीने कुजतं. म्हणून ताट कधी रिकामं पडत नाही. तुझ्या काजूखाली तू बी वेचायला जमीन साफ करणार. वहाळाला काय मिळणार?"

टपरीवरच्या वहिनी एवढा वेळ ऐकत होत्या. "एप्रिलात कोंडीत, वहाळाच्या खोल डोहात, पाय घातला की पूर्वी हुडहुडी भरायची. आता पाणी कोमट लागतं."

ही साधी गोष्ट नाही. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ६.९ च्या आसपास. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो कमी. मग टिकतं कोण? गप्पी, तिलापियासारखे काटक पाहुणे. इथलेच जे, ते आधी जातात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मला वाटतं, आपल्या वहाळांत काय आहे हे कोणी नीट पाहण्याआधीच आपण वरचं छप्पर काढतोय.

"एक सांगतो आबा, राग मानू नका," मास्तर म्हणाले, "चढणीला अंड्यांनी भरलेला मासा आपणच बॅटऱ्या घेऊन मारतो. तेही थांबायला हवं." आबा गप्प बसले. त्यांना ते मान्य असावं.

भाऊचा खरा राग वेगळाच होता. "पोरीची फी भरायची होती. तेव्हा कोणी आलं होतं का? रान माझं, सातबारा माझा."

यात तो चुकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी रान नावापुरतं, बाकी सगळं खासगी. जंगल राखायचा भार आपण अशाच अडलेल्या माणसांवर टाकून मोकळे झालोत. कायदाही तोकडा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांची यादी आहे, त्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. वहाळाचा काठ धरून ठेवणारे करंज-उंबर मात्र नाहीत.

खालचा तुकडा भाऊ आता तोडीला देणार आहे. मास्तर म्हणाले, काठापासून तीस मीटर सोड.

"माझं रानच तेवढं रुंद! आणि ठेकेदार पट्टा सोडून भाव देत नाही."

"मग उक्तं देऊ नकोस," वहिनी म्हणाल्या. "झाडं मोजून दे. मोजलेलीच तोडायची, असं लिहून घे."

काठापासून दहा मीटर सोडायला भाऊ तयार आहे, पंधरावर अडलाय. पलीकडचा काठ त्याच्या चुलत्यांचा, त्यांच्याशी आबा बोलणार आहेत. रविवारी मास्तर आणि मी टेप आणि रंगाचा डबा घेऊन जाणार, आणि आबांचं म्हणणं, मीटरचा घोळ नंतर घाला, आधी उंबरांना खुणा करा.