पशुवैद्यांना आहारातलं काही कळत नाही, हे कितपत खरं?

गेले काही आठवडे प्राणी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो आठ-दहा जणांनी पाठवला, बहुतेकांनी खाली "मॅडम, हे खरं आहे का?" असं विचारून. मेसेज थोडक्यात असा: पशुवैद्यकीच्या अख्ख्या शिक्षणात आहारावर जेमतेम चार तास मिळतात, तेही पेट फूड कंपन्यांची माणसं येऊन शिकवतात. म्हणून डॉक्टर पाकिटं खपवतात. 'प्रिस्क्रिप्शन डाएट', म्हणजे आजारानुसार डॉक्टर लिहून देतात ते खास खाद्य, ही निव्वळ लूट आहे. कुत्रा हा मुळात लांडगा, त्याला कच्चं मांस द्या. आजीच्या घरची कुत्री दूध-भाकरीवर पंधरा वर्षं जगली. तेव्हा खाण्याबद्दल डॉक्टरांना विचारू नका.

मी कुत्र्या-मांजरांवरच उपचार करते. या मेसेजात एक धागा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष प्राण्यांच्या जिवावर बेतणारा आहे.

आधी त्या चार तासांचं बघू. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे आणि पशुपोषण हा त्यातला स्वतंत्र विषय आहे, थिअरी, प्रॅक्टिकल, परीक्षा सगळ्यासकट. प्रॅक्टिकलला आम्ही नमुना दळायचो, वाळवायचो, त्यातलं पाणी, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख काढायचो. केल्डालच्या फ्लास्कमध्ये सल्फ्युरिक आम्लात नमुना उकळायचा, नायट्रोजन मोजायचा, त्याला ६.२५ ने गुणायचं, की झालं क्रूड प्रोटीन. तुमच्या डॉगफूडच्या पाकिटावरचा 'क्रूड प्रोटीन' हा आकडा याच हिशेबाचा आहे. कोरड्या दाण्यात २४ टक्के प्रथिनं आणि ओल्या पाऊचमध्ये ८ टक्के, म्हणून दाणे बरे, असं बरेच जण धरून चालतात. पाऊचमध्ये ८० टक्के पाणीच असतं. ते बाजूला काढलं की उरलेल्यात प्रथिनं ४० टक्के भरतात. दाण्यात १० टक्के ओलावा धरला तर तिथे २७ च्या आसपास.

आता खरा धागा. आमच्या फ्लास्कमध्ये असायचा तो कडबा आणि सरकीची पेंड. अभ्यासक्रमाचा भर गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांच्यावर, कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला थोडी पानं. आपल्या देशात पशुधनावर किती घरं चालतात ते पाहता हा भर मला समजतो. पण मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या, चार दिवस तोंडाला काही न लावलेल्या मांजराला नळीवाटे किती आणि काय द्यायचं, हे मी पदवी घेताना शिकले नाही. ते नंतर, सीनियरांच्या हाताखाली आणि रात्री पुस्तकं उघडून शिकले. अमेरिकेत पशु-आहार ही पशुवैद्यांची मान्यताप्राप्त तज्ज्ञशाखा १९८८ पासून आहे. पदवीनंतर रेसिडेन्सी आणि परीक्षा पार केल्यावर तज्ज्ञाचं बिरुद मिळतं. आपल्याकडे पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. करता येतं, पण तिथलाही बराचसा अभ्यास दुभत्या जनावरांचा आणि कोंबड्यांचा. आजारी कुत्र्या-मांजरांच्या आहाराचं, म्हणजे क्लिनिकल न्यूट्रिशनचं, शिक्षण कमी पडतं. हे मी हातचं राखून न ठेवता मान्य करते.

पण 'कमी पडतं' आणि 'काहीच कळत नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्वादुपिंड काय करतं, यकृतात चरबी कशी साठते, फॉस्फरस वाढला की मूत्रपिंडाचं काय होतं, हे प्रत्येक पशुवैद्य शिकलेला असतो. त्यावर आहाराचा हिशेब चढवायला पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने, डब्ल्यूएसएव्हीएने, २०११ मध्ये सांगितलं की ताप, नाडी, श्वास आणि वेदना यांच्या जोडीला आहाराची तपासणी ही पाचवी, आणि ती प्रत्येक भेटीत व्हायला हवी. टेबलावर त्याचा अर्थ असा: वजन घ्यायचं, बोटांनी बरगड्या चाचपून अंगकाठीला ९ पैकी गुण द्यायचे, पाठीवरचे स्नायू झिजलेत का बघायचं आणि दिवसभरात काय-काय पोटात जातं ते विचारायचं. १० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण ४०० कॅलरी लागतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांत त्याचा निम्म्याहून मोठा वाटा जातो. "तो काहीच खात नाही हो" म्हणत आणलेल्या लठ्ठ कुत्र्याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

कंपन्यांचं म्हणाल, तर त्यांचा पैसा या क्षेत्रात आहे. व्याख्यानं त्या भरवतात, संशोधनाला पैसे देतात. आत्ता जिचं नाव घेतलं त्या संघटनेच्या आहार समितीलाही कंपन्यांची मदत मिळते. दवाखान्यात पाकिटं विकणाऱ्या डॉक्टरला त्यावर नफा मिळतो, तेव्हा "हेच का?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र पैसा कंपनीचा म्हणून निष्कर्ष खोटा, असं सरसकट म्हणता येत नाही. प्युरिना या पेट फूड कंपनीने ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावून त्यांना जन्मभर सांभाळलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. २००२ मध्ये निकाल छापून आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. खाणं विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून आलेला हा निष्कर्ष 'कमी खायला घाला' असं सांगतो, आणि मी तो रोज सांगते.

प्रिस्क्रिप्शन डाएट सगळ्यांना लागत नाही आणि ज्याला लागत नाही त्याला ते देऊ नये. पण मांजराच्या मूत्राशयात स्ट्रुव्हाइटचा खडा असेल तर योग्य आहारावर तो काही आठवड्यांत विरघळतो, पोट फाडावं लागत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कशानेच विरघळत नाही. खडा कुठला असावा याचा अंदाज लघवीची तपासणी आणि एक्स-रे पाहून बांधायचा असतो.

लांडग्याचा मुद्दा २०१३ मध्येच निकालात निघाला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढलेला हा प्राणी भात पचवतो. आणि कच्चं मांस सुरक्षित म्हणणाऱ्यांनी नागपूर आठवावं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि खाण्यातल्या कोंबडीतूनच तो आला असावा अशी शंका तेव्हा घेतली गेली. त्याच सुमारास अमेरिकेत कच्च्या खाद्यातून घरातल्या मांजरांना तो झाला.

आता आजीची भाकरी. त्या काळातली कुत्री भाकरीबरोबर गावभर फिरून उंदीर, हाडं, उकिरडा असं बरंच काही खायची. जी लहानपणीच मेली त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. आजचं कुत्रं तिसऱ्या मजल्यावर राहतं आणि आपण देऊ तेवढंच खातं.

एक आजोबा चार महिन्यांचं जर्मन शेफर्ड पिल्लू उचलून घेऊन आले. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले, पंजे मनगटापर्यंत जमिनीला टेकलेले, उचलताना ते कळवळून ओरडलं. "मुडदूस झालाय का?" आजोबांनी विचारलं. एक्स-रेत हाड आणि मांस वेगळं ओळखू येईना, दोन्ही एकाच राखाडी रंगाचं. खायला काय देता विचारल्यावर त्यांनी खिशातून वही काढली. तीन वेळा कोंबडी-भात, मोबाइलवरच्या रेसिपीप्रमाणे. पिल्लाच्या घशात अडकू नये म्हणून ते प्रत्येक घास बोटांनी चाचपून हाडाची किरचसुद्धा काढून टाकत. कॅल्शियम होतं ते त्या हाडांत. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त लागतं, नुसत्या मांसात फॉस्फरसच पंधरा-वीस पट असतो. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांमधलं कॅल्शियम उपसतात. त्या पिल्लाला इंजेक्शन लागलं नाही. संतुलित खाणं आणि पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, एवढंच. काही आठवड्यांनी ते चालत आलं. डावा पाय थोडा वाकडा राहिला.

याचा अर्थ घरचं खाणं वाईट असा नाही, मी स्वतः लिहून देते. पण डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० रेसिपी तपासल्या, तेव्हा ९५ टक्के रेसिपींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यांतल्या कित्येक पशुवैद्यांनीच लिहिल्या होत्या. आमचं शिक्षण वाढायला हवं ते यासाठी. दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजरांची तर मला जास्तच धास्ती वाटते. टॉरिन हा मांसातून मिळणारा घटक कमी पडला की मांजराचं हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं, आणि टॉरिन दूध-पोळीतून पुरेसं मिळत नाही.

इंटर्नशिपमध्ये छोट्या प्राण्यांच्या वॉर्डातच आहाराची पाळी लावा, प्रत्येक केसपेपरवर आहाराचा रकाना ठेवा, अशी मागणी आम्ही पशुवैद्यांनी लावून धरली पाहिजे. तुमच्या हातातलं काम सोपं आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना आठवडाभर काय दिलं ते लिहून आणा. बिस्किटं, शेजारच्या काकूंनी दिलेला पेढा आणि कांदा-लसणाच्या फोडणीचा रस्साही त्यात लिहा, कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. डॉक्टरांनी वजन करून बरगड्या चाचपल्या नाहीत, तर "आहाराचंही बघा" असं तुम्हीच सांगा.