लाज वाटते म्हणून हरवू द्यायचं?

‘आलम आरा’ हरवला याची हळहळ सगळ्यांनाच वाटते. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट, आणि आज त्याची एकही प्रिंट कुठे नाही. मूकपटांची अवस्था तर विचारूच नका. तेराशेच्या वर बनले, उरले तीसच्या आसपास, त्यातही बरेच तुकड्यांत. यावर लेख येतात, चर्चासत्रं होतात. पण मॉर्निंग शोला लागणारा एखादा ‘ए’ सर्टिफिकेटचा सिनेमा कायमचा गेला तर कोणी चौकशी करत नाही. उलट शोधणाऱ्याकडेच लोक वाकड्या नजरेने बघतात. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

हे सिनेमे हरवले कसे, ते आधी बघा. लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमधून वितरकांचा सगळा कारभार चालायचा. स्वस्तातली प्रिंट गावोगाव फिरायची, घासून घासून संपायची आणि शेवटी भंगारात जायची. कृष्णधवल रिळं तर त्यातली चांदी काढण्यासाठीच विकली जायची. मल्याळममधून डब होऊन आलेल्या सिनेमाला हिंदीत भलतंच नाव मिळायचं. काही टॉकीजमध्ये सेन्सॉरने पास न केलेला तुकडा मधेच जोडला जायचा, ज्याला लोक ‘बिट’ म्हणायचे. म्हणजे एकाच नावाचा सिनेमा दोन गावांत दोन तऱ्हेचा. कलाकारांची नावं खोटी, आणि निर्माता पुढे ओळखही दाखवणार नाही. पेपरात अंगठ्याएवढी जाहिरात यायची, तेवढाच काय तो पुरावा.

यात सगळ्यात जास्त पुसल्या गेल्या त्या बायका. कॅमेऱ्यासमोर काम त्यांनी केलं, बदनामी त्यांच्या वाट्याला आली आणि श्रेयनामावलीत नावही राहिलं नाही. २००० च्या सुमारास शकीला या अभिनेत्रीच्या सिनेमांनी केरळातली कित्येक थिएटरं जगवली. तिचं नाव निदान लोकांना माहीत आहे. बाकीच्या कोण होत्या, त्यांना पैसे किती मिळाले, पुढे त्यांचं काय झालं? सिनेमाच उरला नाही तर हे विचारायचं कुणाला?

अमेरिकेत असे सिनेमे जपण्याचं काम उघडपणे चालतं. इंडियाना विद्यापीठातल्या किन्सी इन्स्टिट्यूटने जुन्या कामुक चित्रफिती संशोधनासाठी जपून ठेवल्या आहेत. ‘व्हिनेगर सिंड्रोम’ नावाची कंपनी तर २०१२ पासून असेच टाकून दिलेले सिनेमे मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त करून काढते. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यावरून हे नाव.

आपल्याकडे असल्या कित्येक सिनेमांची उरलेली एकमेव प्रत म्हणजे व्हीसीडी. चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं, कोपऱ्यात कंपनीचा लोगो, कडा कापलेल्या. तरी तीही मोलाची असते, कारण सुरुवातीला बऱ्याचदा सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसतं. त्यावर रिळांची संख्या असते, मीटरमध्ये लांबी असते आणि कात्री लागली असेल तर त्रिकोणाची खूण असते. ३५ एमएमची ३००० मीटर फिल्म म्हणजे साधारण ११० मिनिटं. व्हीसीडी ८५ मिनिटांत संपत असेल, तर उरलेलं गेलं कुठे हा शोध तिथून सुरू होतो. पण आपल्या ठाण्याच्या दमट हवेत या तबकड्याही टिकत नाहीत. चकाकणारा थर सुटतो, बुरशी धरते. आणि कोणी यूट्यूबवर टाकलंच, तर एक दिवस ते चॅनलच बंद होतं.

इंटरनेटवर आलं म्हणजे कायमचं राहिलं, हा समज तर मोठाच घात करतो. लोकांना फुकट वेबसाइट बनवू देणारं जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेलं, त्यासोबत आपल्या किती मराठी कम्युनिटी गेल्या! सर्व्हर हलवताना मायस्पेस या सोशल साइटने लोकांनी टाकलेली २०१५ आधीची गाणी घालवली. आकडा पाच कोटींवरचा सांगितला गेला, आणि वेबवरचा मजकूर जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेला परत मिळाली ती पाच लाखांच्या आतबाहेर. डिसेंबर २०१८ मध्ये टम्बलर या ब्लॉगच्या साइटने प्रौढ मजकुरावर बंदी घातली आणि जेमतेम दोन आठवड्यांची मुदत दिली. कित्येक चित्रकारांचं आणि समलिंगी मुलामुलींचं वर्षानुवर्षांचं काम दिसेनासं झालं. ऐरोली, रबाळे, महापेच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेजारी मोठमोठी डेटा सेंटर्स उभी राहिली आहेत. ज्याला आपण ‘क्लाउड’ म्हणतो तो तिथे, ठाणे-बेलापूर रोडलगत आहे. पण त्यातलं काय ठेवायचं हे भाडं भरणारा ठरवतो.

आता एक गोष्ट ठामपणे सांगतो. सगळंच शोधावं असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहबने पडताळणी न झालेले लाखो व्हिडिओ एकदम काढून टाकले, तेव्हा जतन करणाऱ्यांपैकी काहींना वाईट वाटलं. मला ते योग्यच वाटलं. त्यात अत्याचाराचे, फसवून काढलेले, ब्रेकअपनंतर सूड म्हणून टाकलेले व्हिडिओ होते. एखादी बाई म्हणते, माझा व्हिडिओ नको, तर तो जायलाच हवा. तिथे इतिहासाचं कारण सांगणं हा निर्लज्जपणा आहे. पण पैसे घेऊन केलेलं, सेन्सॉरने पास केलेलं, तिकीट लावून दाखवलेलं काम वेगळं. ते समाजाला ओशाळवाणं वाटतं, एवढ्यावर त्याला मरू देऊ नये. आणि हे कुणा हौशी माणसाने हार्ड डिस्कमध्ये लपवून ठेवण्याचं कामही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने ते अधिकृतपणे करावं, संशोधकांसाठी खुलं ठेवावं आणि त्यात काम केलेल्या बायकांना हवं असेल तर त्यांचं म्हणणंही नोंदवून घ्यावं.

तोवर आपण निदान कागद वाचवू शकतो. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेलच्या जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर, डोअरकीपर किंवा बुकिंग क्लार्क म्हणून काम केलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. रोजच्या कलेक्शनच्या वह्या, हँडबिलं, पोस्टर, लॉबी कार्ड, काहीही चालेल. मी घरी येऊन फोटो काढून घेईन, मूळ वस्तू तुमच्याकडेच राहील. नाव कुठेही येणार नाही. आणि घर बदलताना माळ्यावरचं काही रद्दीत घालायच्या आधी एक मेसेज करा.