दिवे लागले, वेग तेवढा राहिला

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. चहा घेऊन बसा.

सकाळी ताईकडे गेलो होतो. भाच्याने गेल्या गणपतीत नवा पीसी जोडून घेतला. अ‍ॅनिमेशन शिकतोय, गरज आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. काचेची कॅबिनेट, आत रॅमच्या, म्हणजे चालू काम हाताशी धरणाऱ्या मेमरीच्या, सोळा-सोळा जीबीच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या डोक्यावरून इकडून तिकडे धावणारं इंद्रधनुष्य. "मामा, सहा हजार स्पीडची रॅम आहे!" म्हटलं, बघू तरी. टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर क्लिक केलं. स्पीड ४८००.

इतके महिने! पोराने ६०००च्या वेगाचे पैसे मोजले आणि आजपर्यंत ४८००वर रेंडर (अ‍ॅनिमेशनची तयार चित्रफीत काढणं) लावत बसला. दिवे मात्र पहिल्या दिवसापासून फुल्ल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम, मदरबोर्डवर बसवली की ती आधी आपल्या साध्या, ठरलेल्या वेगाने सुरू होते. खोक्यावर छापलेला वेग हवा असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलवाल्यांचं एक्सएमपी, एएमडीवाल्यांचं एक्स्पो. एक सेटिंग, दोन मिनिटांचं काम. दुकानदाराने ते केलं नाही. दिव्यांचं सॉफ्टवेअर मात्र आठवणीने टाकलं, रंग लावून दिले, वर त्याचा व्हिडिओ काढून स्वतःच्या स्टेटसला ठेवला.

मला अशा वेळी बाबाच आठवतात. २००४ साल. डोंबिवलीत घरातच बाबांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं, काम चालायचं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, पेजमेकर आणि श्रीलिपी ही सॉफ्टवेअर. मशीनमध्ये १२८ एमबी रॅम, विंडोज एक्सपी धापा टाकायचं. मग एका शनिवारी आम्ही दोघं दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून आणखी १२८ एमबीची एक पट्टी आणली. हिरवी, उघडी, ना झाकण ना दिवा. परतीच्या गर्दीत बाबांनी ती शर्टाच्या खिशात ठेवून वर हात धरला होता, पगाराचं पाकीट धरावं तसा. पावसाळ्यात मशीन बीप बीप करायला लागलं की कॅबिनेट उघडायची, पट्टी काढायची आणि तिचे सोनेरी दात माझ्या कंपासमधल्या खोडरबरने घासायचे. पुन्हा बसवली की मशीन चालू. त्यांचं रॅमचं सगळं ज्ञान एवढंच, आणि एकाही गिऱ्हाइकाची पत्रिका त्यांनी चुकवली नाही.

असो. भाच्याच्या पीसीवर दिव्यांचं ते सॉफ्टवेअर किती मेमरी खातंय ते बघितलं. चारशे एमबीच्या वर. रॅमवरचे दिवे नाचवायला रॅममधलेच चारशे एमबी! बाबांचा अख्खा धंदा २५६वर चालला हो.

मग मी खोकं मागवलं. त्यावर ६००० मोठ्या अक्षरांत आणि सीएल ४० कोपऱ्यात मुंगीएवढं. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून तो यायला लागणारे घड्याळाचे ठोके. दुकानात बोलताना ६००० मेगाहर्ट्झ म्हणतात, तेही धड नाही. घड्याळ ३०००चं असतं, प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून ६०००. ते सोडा. सीएलला दोन हजारांनी गुणायचं आणि वेगाने भागायचं, की पहिला डेटा हातात यायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळतं. ६००० आणि सीएल ३० असेल तर १०. ६००० आणि सीएल ४० असेल तर १३ च्या वर. आणि ४८०० वर सीएल ४०, म्हणजे पोरगं इतके दिवस जे वापरत होतं ते, जवळजवळ १७. माझ्या आधीच्या पिढीच्या डीडीआर४ ३२०० सीएल १६चं उत्तरही १०च येतं! हो, नवी रॅम एका वेळी खूप जास्त डेटा वाहते, एकंदरीत तीच पुढे, मान्य. पण दिव्यांसाठी जे दीड-दोन हजार जास्त मोजले त्यात सीएल ३०ची बिनदिव्याची जोडी आली असती की नाही? कुणी सांगितलं त्याला? एकाने नाही.

यूट्यूबवरची परीक्षणं म्हणजे तर विचारू नका. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सहा मिनिटं खोकं उघडणं, तीन मिनिटं अंधारात दिवे. पट्टीची उंची किती, प्रोसेसरवर मोठा एअर कूलर लावला तर पंखा त्यावर आपटतो का, याबद्दल चकार शब्द नाही. भाच्याचा पंखा आपटतोच. दुकानदाराने तो वर सरकवून बसवलाय, काच जेमतेम लागते.

आणि हे ऐका. गिगाबाईटने २०१८ मध्ये आठ-आठ जीबीच्या दोन खऱ्या पट्ट्यांसोबत दोन खोट्या पट्ट्या देऊन संच विकला होता. त्या दोघींत मेमरी शून्य, फक्त दिवे. रिकामे स्लॉट ओके-बोके दिसू नयेत म्हणून! दोन खऱ्या बांगड्यांबरोबर दोन बेन्टेक्सच्या. आधी हसलो, मग वाटलं, निदान बनवाबनवी तरी नाही, खोटं आहे हे सांगून विकतायत. खऱ्या चार पट्ट्या कोंबण्यापेक्षा ते परवडलं, कारण एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरमध्ये चार लावल्या की अधिकृत वेग ५२००वरून थेट ३६००वर येतो. हेही दुकानात कुणी सांगत नाही.

दुकानदाराला फोन लावलाच. "सर, एक्स्पो म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच झालं, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मशीन हँग झालं की कंप्लेंट आमच्याकडेच येते, म्हणून आम्ही डिफॉल्ट ठेवतो." बरं, तांत्रिकदृष्ट्या चूक नाही तो. मग ६०००चे पैसे घेताना हे का नाही आठवलं?

इतका वेळ भाचा गप्प होता. मग हळूच म्हणाला, "मामा, रात्री रेंडर लावला की खोलीतला दिवा बंद करतो. तेवढा उजेड बरा वाटतो." आता यावर काय बोलणार? पुण्यात कॉट बेसिसवर दोन वर्षं मीही काढली आहेत. आणि भाव भडकायच्या आधी घेतली हे पोराचं नशीबच. सगळी मेमरी एआयच्या डेटा सेंटरांकडे चाललीय, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. आज तीच जोडी घ्यायची म्हटली तर दिव्यांचे पैसे किस झाड की पत्ती वाटतील.

शेवटी बायोसमध्ये गेलो, एक्स्पो चालू केलं, सेव्ह करून रीस्टार्ट. स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. डीडीआर५ नव्या वेगावर पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची चाचपणी करते, त्याला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तरी घाम फुटला. ताई दारात उभी, भाचा नखं खातोय, आणि त्या काळ्या स्क्रीनशेजारी इंद्रधनुष्य मजेत इकडून तिकडे.

आतल्या खोलीतून बाबा आले. हल्ली ते ताईकडेच असतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कॅबिनेटमध्ये बघितलं, मग माझ्याकडे.

"खोडरबर आणू का रे?"